सर्व्हर म्हातारा नव्हता, दमला होता

मंडळी, आज ऑफिसात भांडले आणि बरं केलं.

पंचवटीतल्या एका औषधांच्या होलसेल दुकानात मी अकाउंट्स बघते. सकाळी बिलंच निघेनात. काउंटरवर ही गर्दी! कॉम्प्युटरवाला आला आणि म्हणाला, "मॅडम, सर्व्हर म्हातारा झालाय. नवीनच घ्या."

"त्याच्यावर काय काय चालतं, ते बघितलंत का आधी?"

आमच्याकडे दसऱ्याला हार त्याच मशीनला पडतो, म्हणून शेठ महत्त्वाचं सगळं त्याच्यावरच टाकतात. बिलिंग, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, बॅकअप, वर शेठचे रिपोर्ट. शेजारचा कॉम्प्युटर मात्र नुसता बसून!

कॉम्प्युटरवाल्याला जाऊच दिलं नाही. कॅमेरे आणि रिपोर्ट शेजारच्या मशीनवर हलवून घेतले, बॅकअप दुकान बंद झाल्यानंतरचा लावला. दुपारनंतर बिलं पटापट निघाली.

शेठ खूश. "ताई, आता गोडाऊनचे फोनपण तुम्हीच बघा."

"बघते की शेठ. माझ्याकडचं कुठलं काम काढताय, ते सांगा."

शेठ अजून विचार करतायत. मी वेळेवर घरी आले.

तुमच्याकडेही सगळं एकाच्याच अंगावर टाकतात, आणि दसऱ्याला हार घालून मोकळे होतात?