रजेवरचा जावई
समस्त जनतेस कळविण्यात येते की, धडधाकट माणूसही कादंबरी वाचायला रजा टाकू शकतो! आज कपाटातली जुनी कादंबरी उघडली, पानांतून तंबाखूचा वास आला आणि जिंतूरची ती दुपार आठवली. कचेरीच्या कामाने डोकं आंबलं होतं, म्हणून रजा काढून मी ओसरीवर वाचत पडलो होतो. गल्लीला ते पटेना. शेजारच्या काकू रोज कुंपणावरून विचारायच्या, "सायबानं घरी बसवलं का वो?" बातमी बायकोच्या माहेरी, बोरीला पोचली आणि शेतकरी सासरे एसटीने थेट दारात आले. "खरं सांगा जावईबापू, सस्पेंड झालात ना? लेकीला घेऊन जातो मी." मी शपथा घेतल्या. "मग असं काय हाय त्या पुस्तकात?" म्हणत त्यांनी ते हिसकावलं, पहिलं पान संशयाने वाचलं, मग दुसरं, मग तंबाखू मळत तिसरं. चहा निवला, बोरीची गाडी गेली, बायकोने भरलेली पिशवी गुपचूप आत नेली. सासरे आता नाहीत. पण रजा टाकली की मला अजून काकूच ऐकू येतात. सासऱ्यांना वाचनात बुडालेलं पाहून त्या कुंपणापलीकडून ओरडल्या होत्या, "अगं बाई, सासऱ्यालाबी सस्पेंड केलं का काय!"