न लागलेली धाप

माझा नवरा चष्मे करतो. भिंग कापायचं, कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायचं आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून "आता कसं वाटतंय?" विचारायचं, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. गल्लीत त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. आणि या भिंगवाल्याने जिवाभावाची दोस्ती कुणाशी केली, तर जिला चष्मा विकायची सोयच नाही अशा बाईशी! मी हे दोघांना तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हा ती त्याच्यापेक्षा जोरात हसली.

ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. जन्मापासून दिसत नाही. आवाज असा खणखणीत, की मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिच्याशी नीट बोलतात. तिला धावायचं भारी वेड. पण तिला रस्त्यावर एकटीने धावता येत नाही, सोबत कुणीतरी लागतं. दोघांच्या हातात एक आखूड दोरी धरायची आणि सोबत्याने सारखं सांगत राहायचं: पुढे खड्डा आहे, उजवीकडे वळायचंय, पायरी आली. माझा नवरा तिचा सोबती; तो तिला ताई म्हणतो, ती त्याला दादा. घरात मी दहा प्रश्न विचारले तर एकाला हुंकार देणारा हा माणूस सकाळी तिच्याबरोबर तासभर अखंड बडबड करायचा. वेगही तोच ठरवायचा. त्याची रीत अगदी साधी. बोलता बोलता आपल्याला धाप लागायला लागली, की दोघांनी जरा हळू व्हायचं. दोघांचा दम सारखा, त्यामुळे कधी अडलं नाही.

तिने पहिल्यांदाच अर्ध्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलं होतं. हॉस्पिटलात पार झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच याचा पाय दुखायला लागला. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी धावणं साफ बंद केलं. "पण दम जायला नको," म्हणाल्या आणि त्यांच्या व्यायामशाळेतल्या रोइंग मशीनवर त्याला बसवलं. पाणी नाही, होडी नाही, नुसतं वल्हवायचं. सीट पुढेमागे सरकते, पावलं पट्ट्यांत अडकवायची, साखळीचा दांडा ओढायचा, की समोरचा पंखा घुंघुं करतो. पाय जमिनीवर आपटत नाहीत, म्हणून हाडाला आराम. छाती आणि मांड्या मात्र धावल्यासारख्याच कामाला लागतात. आमच्या शहाण्याने पहिल्याच दिवशी ओढ जड करायचा बाजूचा खटका शेवटच्या आकड्यावर नेला आणि नुसत्या हातांनी ओढत सुटला. घरी आला तो वाकडा होऊन. बाईंनी त्याला झापलं. "अहो, आधी पायांनी ढकला, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. धावणारे सगळे इथे येऊन पाय विसरतात कसे?"

"आता ताईला सांगून टाक," मी म्हणाले.

"सांगतो," तो म्हणाला.

कसलं काय! मी दुकानात बसलेली असताना माझ्यादेखत त्याने तिला फोन केला. "ताई, दुकानात कामाचा ढीग पडलाय हो. धावणं थोडे दिवस थांबवूया." तिकडून ती म्हणाली, "काही हरकत नाही, दादा. दोघांचंही थांबेल, मग दोघं मिळूनच सुरू करू." त्याचे कान लाल झाले. दुकानात तर माशीसुद्धा नव्हती.

"खोटं का बोललास?"

"उगाच तिला काळजी."

"मला नको शिकवू."

बराच वेळ फडक्याने एकच भिंग पुसत बसला. मग म्हणाला, "ती दुसरा सोबती शोधेल."

"मग शोधू दे की! तिला धावायचंय, तुझ्याशी लग्न नाही करायचंय."

माझ्या मनात त्या वेळी राग होता, पण कीवही आली. ती सोडली तर या माणसाची वाट बघणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकं यायची ती चष्म्यासाठी, आणि मी तर काय, घरचीच.

रोज दुकान उघडायच्या आधी तो मशीनवर जायचा. हळूहळू त्याला जमायला लागलं. चेहरा तजेलदार झाला, दोन जिने चढून आला तरी श्वास शांत. आणि जितकं जमत गेलं तितका तो घरात चोरासारखा वावरायला लागला. एकदा तिचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत ती हॉस्पिटलचे जिने चढते-उतरते, कठड्याला धरून. "दादा, तेवढाच व्यायाम! पाय अगदीच गंजायला नकोत." फार खुशीत सांगत होती. त्या दिवशी त्याने ताट तसंच सरकवलं. "उद्या नक्की सांगतो," म्हणाला. मी म्हटलं, "तुझा उद्या म्हणजे ना..." आणि पुढचं गिळलं. खरंच रडवेला झाला होता तो.

हाड जुळलं, बाईंनी परवानगी दिली. मग दोघं थोडं थोडं, सावकाश धावली आणि शर्यतीचा दिवस आला. जाताना तो मला म्हणाला, "आज तिला असं नेतो बघ, की सगळी भरपाई होईल."

मी शेवटच्या टप्प्यात पाण्याच्या टेबलापाशी उभी होते. लोक येत होते, जात होते. या दोघांचा पत्ता नाही. शेवटी मीच बाटली घेऊन उलट्या दिशेने निघाले. पुलाच्या अलीकडे फुटपाथच्या कडेला ती बसली होती. पाय लटलट कापत होते, ओठ पांढरे पडलेले. छातीचा नुसता भाता झाला होता. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून बोलत होता. "ताई, पाणी घ्या. ताई, मान खाली घ्या. जरा थांबू, मग चालत जाऊ, काही बिघडत नाही. मी आहे ना. माझंच चुकलं, मी फार पळवलं तुम्हाला." एका दमात, कुठेही न अडखळता.

तिने हात वर केला.

थोडा श्वास आल्यावर तिने विचारलं, "दादा, मधले दिवस तुम्हीही धावला नव्हता ना?"

"नाही."

"मग तुम्हाला धाप का नाही लागली?"

मी बाटलीचं झाकण उघडता उघडता थांबले. शर्यतभर तो आपल्या धापेची वाट बघत बसला, ती आली नाही, आणि हा तिला पळवत राहिला. तीही हट्टी, दमले म्हणाली नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. नडगी, मशीन, रिकामं दुकान, एकूण एक. रडत रडत सांगितलं.

"त्या मशीनवर बसायला सोबत कुणी लागतं?" तिने विचारलं.

"नाही."

"रस्ता, वळण, खड्डा, काही?"

"नाही, ताई. एका जागी बसूनच असतं."

"म्हणजे तिथे मी एकटी गेले असते. रोज."

"हो," तो म्हणाला. इतका हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"घ्या, ताई," म्हणत मी बाटली तिच्या हातात दिली. तिने पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "पत्ता सांगा."

"मी नेतो ना तुम्हाला, उद्याच..."

"पत्ता सांगा, दादा."

त्याने सांगितला. फोनवर नंबर घेताना घोकते तसा तिने तो एकदा घोकला. मग आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड वळवलं आणि हात पुढे केला. "वहिनी, मला टॅक्सीपर्यंत तुम्ही सोडाल?"

तो उठायला लागला. मीच त्याला बस म्हणून खूण केली.