माझ्या गाठीचं प्रद्रव्यपटल

मुलुंडच्या मराठी शाळेत मी वर्षानुवर्षं नववीला विज्ञान शिकवलं. ‘प्रद्रव्यपटल हे निवडक्षम पारपटल असते,’ हे वाक्य मुलांकडून इतकं घोकून घेतलं की परीक्षेत तेवढंच बरोबर यायचं. पेशीभोवतीचं पातळ आवरण. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, ते ठरवणारं. त्यापलीकडे माझं त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग छातीत गाठ निघाली.

केमोचं पहिलं औषध कोकम सरबतासारखं लालभडक. त्याच दिवशी दहिसरची नणंद गव्हांकुरांचा रस घेऊन हजर. “वहिनी, केमो म्हणजे विष गं!” बरं झालं सांगितलं. मला वाटलं होतं, टॉनिक देतायत.

विषानं कामाला झटपट सुरुवात केली. केस गेले, नखं काळी पडली, तोंड इतकं आलं की वरणभातही झोंबायचा. गाठ मात्र होती तेवढीच. सोनोग्राफी बघून तरुण डॉक्टर म्हणाले, “मॅडम, काही कॅन्सरपेशींच्या आवरणावर पंपासारखी प्रथिनं असतात. औषध आत शिरलं की ती बाहेर फेकतात. तुमच्या बाबतीत तसं होत असावं.”

“म्हणजे माझ्या केसांच्या मुळांना नाही ती अक्कल या गाठीला आहे?”

“अगं, डॉक्टरांशी काय बोलतेस!” नवरा ओशाळला. डॉक्टर हसले आणि त्यांनी औषध बदललं. रिक्षात बसल्यावर मी घरापर्यंत रडले.

नव्या औषधानं बोटं बधिर झाली. ब्लाउजचे हुक नवरा लावायला लागला; अतिशय गंभीरपणे आणि दर वेळी एक हुक चुकवून. पण गाठ मऊ पडली, मग लहान झाली. डॉक्टर खुशीत येऊन समजावत होते, “मरायला लागलेली पेशी आवरणाच्या आतल्या बाजूची काही द्रव्यं बाहेर आणते. तो इशारा ओळखून आपल्या पांढऱ्या पेशी येतात आणि तिला गिळतात. तसं सुंदर आहे हे.”

“तुमच्यासाठी,” मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही ते सुंदर वाटलं होतं. कबूल कोण करणार!

शेवटी ऑपरेशनमध्ये बोराएवढा तुकडा निघाला. कडा स्वच्छ होत्या, म्हणजे काठाला कॅन्सर उरला नव्हता. रिपोर्ट आला तेव्हा नवरा माझ्या खाटेशी उभा राहून गावाला फोनवर सांगत होता, “झकास झालं सगळं, काही काळजी नाही...” आणि मध्येच त्याचा बांध फुटला. मी हात पुढे करून फोन घेतला. पलीकडे सासूबाई विचारत होत्या, “अरे, काय झालं? बोल ना!”

“काही नाही, आई,” मी म्हटलं, “तुमच्या मुलाला आनंद झालाय.”