कारणाचा रकाना

मोठ्या सिस्टर एकावन्नाव्या वर्षी कॉलेजात गेल्या. हौस म्हणून नव्हे, नियम आला म्हणून. वॉर्डची प्रमुख यापुढे पदवीधरच असेल, असं वरून पत्र आलं. सिस्टरांपाशी होती जुन्या काळची तीन वर्षांची पदविका आणि तिच्यामागे पुरुषांच्या वॉर्डातली सव्वीस वर्षं. पदविका पुरेशी नव्हती आणि वर्षांचा पत्रात उल्लेखच नव्हता. नोकरी सांभाळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करा, नाहीतर खुर्ची सोडा, एवढा त्याचा मथितार्थ.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्याला कशाचीच घाई नसे. पत्र दोनदा वाचून तो म्हणाला, "जा की. तिथलं सगळं तुला येतंच."

खरी पंचाईत तीच होती.

अभ्यासक्रम चांगला जाडजूड होता. मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र. आणि पहिल्याच सत्रात 'रिकामा पलंग लावणे : सोळा पायऱ्या'. सिस्टर पलंग अडीच मिनिटांत लावत आणि चादर अशी ताणत, की सुरकुती शोधायला नवऱ्याचं भिंग मागवावं लागलं असतं. प्रात्यक्षिकात मात्र त्या काठावर वाचल्या. चौथी आणि पाचवी पायरी त्यांच्या हाताने एकदमच उरकली होती. या दोन वेगळ्या आहेत हे त्या हाताला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

गुण कापणाऱ्या मॅडम त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा सलाइन लावताना त्यांच्या हाताला कापरं भरलं होतं, तेव्हा सिस्टरांनी मनगट धरून तो स्थिर केला होता. आता तोच हात अगदी स्थिरपणे पाच गुण वजा करत होता. मॅडमना वाईट वाटलं, तसं त्या म्हणाल्याही. पण वाईट वाटण्याला गुणपत्रिकेत जागा नव्हती.

मग आली सह्यांची वही. दहा इंजेक्शनं दिलेली पाहिली, दहा स्वतः दिली, पाच जखमा बांधल्या. प्रत्येकापुढे वॉर्डच्या प्रमुखाची सही हवी. वॉर्डच्या प्रमुख त्या स्वतःच. आपल्या कामावर आपणच सही करायची नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेलं. शेवटी तोड निघाली ती अशी, की ज्या धाकट्या सिस्टरच्या रजेच्या अर्जावर या सही करायच्या, ती यांच्या इंजेक्शनांवर सही करू लागली. बिचारी प्रत्येक वेळी उभी राहून करायची. खाटेवरचे पेशंट ही गंमत बघत पडून राहत.

दुसऱ्या वर्षी एका पेशंटची सेवा-योजना लिहायची होती. छापील आठ पानं, पानोपानी रकाने. सिस्टरांनी सात नंबरच्या खाटेवरचा सुतार निवडला, कारण त्याच्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. साठीचा माणूस, मधुमेह, पायाला भरून न येणारी जखम. चार महिन्यांत ही तिसरी खेप. दवाखान्यात आठ दिवस राहिला की साखर ताळ्यावर यायची, जखम सुधारायची. घरी गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वॉर्डात सगळ्यांचं एकच मत होतं, की म्हातारा घरी इन्सुलिन घेत नाही आणि इथे येऊन घेतो म्हणून सांगतो. सिस्टरांनी तर त्याला मागच्या दोन्ही वेळी जाताना चांगलं फैलावर घेतलं होतं. तो मान खाली घालून ऐकायचा आणि म्हणायचा, "तुम्ही सांगाल तसं."

योजना एका दुपारी बसून लिहून काढू, असा सिस्टरांचा हिशोब होता. सहा पानं तशीच भरली. सातव्या पानावर एक रकाना आडवा आला. 'रुग्णास शिकवलेली कृती', आणि त्याच्या शेजारी, 'रुग्णाकडून करून घेतली का? निरीक्षण लिहा.'

पहिला भाग त्यांनी झरझर लिहिला. इन्सुलिन सिरिंजमध्ये कसं भरायचं ते दोनदा दाखवलं होतं. दुसऱ्या भागापाशी पेन थांबलं. करून घेतलं नव्हतं. सकाळच्या गर्दीत दाखवायचं, "कळलं ना काका?" विचारायचं, काकांनी "कळलं" म्हणायचं आणि पुढची खाट. 'होय' असं लिहून मोकळं होता आलं असतं, आणि वर्गातल्या निम्म्या मुलींनी तेच केलं होतं. पण निरीक्षण लिहायचं होतं, आणि न पाहिलेलं लिहायची सिस्टरांना सवय नव्हती. त्या रिकामी सिरिंज आणि पाण्याची छोटी बाटली घेऊन सात नंबरपाशी गेल्या. जाताना मनात कॉलेजला दोन शब्द हासडले.

"काका, हे वीसच्या रेघेपर्यंत भरून दाखवा. माझ्या परीक्षेचं आहे."

सुताराने बाटली उलटी धरली, सुई घातली, दट्ट्या ओढला. हात कसबी माणसाचा, कुठे अडखळला नाही. सिरिंज परत दिली तेव्हा तिच्यात पाणी होतं चौतीसपर्यंत. सिस्टरांनी पुन्हा भरायला लावलं. या वेळी नऊ.

"रेघा दिसतात का तुम्हाला?"

त्याने हातातली बाटली खाली ठेवली. मग शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "वर्ष झालं. सुताराला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्याकडून दार कोण बसवून घेईल?"

म्हणजे घरी तो रोज न चुकता इन्सुलिन घेत होता. फक्त एक दिवस चौतीस आणि एक दिवस नऊ. कधी घाम फुटून हातपाय लटपटायचे, तेव्हा घरचे म्हणायचे, वय झालं. आयुष्यभर ज्याच्या डोळ्याचं माप लोक पट्टीपेक्षा खरं मानत आले, तो ती रेघसुद्धा अंदाजाने गाठत होता. आणि सिस्टर त्याला बेपर्वा म्हणून झापत होत्या.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. कामाच्या वेळी पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा त्यांचाच नियम.

पुढचं सगळं सरळ झालं. डॉक्टरांनी डोळे तपासायला पाठवलं, मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होईपर्यंत इन्सुलिन सून भरून देईल असं ठरलं. सिस्टरांनी सुनेला बोलावून तिच्याकडून लागोपाठ चार वेळा भरून घेतलं. तिसऱ्यांदा ती जरा वैतागली, तरी चौथ्यांदा भरायला लावलं. दोन महिन्यांत जखम सुकली.

उरलं आठवं पान. 'समस्या : रक्तातील साखर अनियंत्रित. कारण :' सिस्टरांनी पुष्कळ विचार करून लिहिलं, 'दिसत नाही हे रुग्णाने सांगितले नाही, आणि शिकवणाऱ्या नर्सने करून घेऊन पाहिले नाही.'

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षक आल्या होत्या. योजना त्यांनी शांतपणे पानन् पान वाचली, निरीक्षण छान आहे म्हणाल्या, आणि आठव्या पानावर लाल पेन काढलं.

"या रकान्यात नर्स येत नाही," त्या म्हणाल्या. "कारण रुग्णाशी संबंधित हवं. मान्य यादी आहे, तिच्यातलं निवडायचं."

शेजारी बसलेल्या मॅडमनी हळूच सुचवलं, "सिस्टर, 'ज्ञानाचा अभाव' लिहा. यादीत आहे."

"कोणाच्या?" सिस्टरांनी विचारलं.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. यादीत एवढंच आहे, त्या म्हणाल्या. मग सिस्टरांनी आपली ओळ एका रेघेने खोडली आणि सुवाच्य अक्षरात 'ज्ञानाचा अभाव' लिहून दिलं. कोणाच्या ते लिहिलं नाही. खाडाखोडीचे दोन गुण गेले.

त्या पास झाल्या, दुसऱ्या वर्गात. निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात कार्यालयातला कारकून नवं पत्र घेऊन वॉर्डात आला. पन्नाशी ओलांडलेल्यांचा प्रदीर्घ अनुभव विचारात घेऊन त्यांना पदवीच्या अटीतून सूट देण्यात येत होती. कारकून भला माणूस. त्याला ते वाचून दाखवताना अवघडल्यासारखं झालं. सिस्टरांच्या नावापुढे आता अनुभव लिहू की पदवी, असं त्याने चाचरत विचारलं.

"जे यादीत असेल ते लिहा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. दारापाशी एक दमेकरी गृहस्थ डिस्चार्जचा कागद हातात घेऊन घरी निघाले होते, आणि त्यांनी नुकतंच सांगितलं होतं, की तोंडाने ओढायचं औषध कसं घ्यायचं ते त्यांना चार महिन्यांपासून पक्कं ठाऊक आहे. सिस्टरांनी त्यांना पिशवी खाली ठेवायला लावली आणि एकदा करून दाखवा म्हणाल्या. गृहस्थांनी जरा नाराजीनेच पंप तोंडाशी धरला, डोळे मिटले, आणि त्याच्यात जोरात फुंकर मारली.