सविताला नेलं त्या रस्त्यानं

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात भर दुपारी फोन आला. "आपा गेल्या..." एवढंच त्यांचा भाऊ म्हणाला. पेशंटची नाडी धरलेला माझा हात तसाच राहिला.

आपा म्हणजे डॉ. शाहीन, साथरोगतज्ज्ञ; मी त्यांची विद्यार्थिनी. आजार एका वस्तीला गाठतो आणि शेजारच्या गावाला सोडतो, हे का, याच्या शोधात त्यांचं आयुष्य गेलं. काही वर्षांपूर्वी फुलंब्रीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणात बायका दगावत होत्या. "हे लोक उशिरा येतात," असं सरकारी उत्तर तयार होतं. आपा मात्र अशा एकेका घरी जाऊन ओसरीवर बसायच्या. कडूबाईंची सून सविता तशीच गेलेली. कडूबाई म्हणाल्या, "उशीर कसा व्हईल मॅडम? कळा सुरू झाल्या की निघालोच. एका दवाखान्यात डागदर नाय, दुसऱ्यात रगत नाय... समदे पुढं जा म्हणले."

आपांनी हे आरोग्य खात्याच्या बैठकीत सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, "होतं एखाद्या वेळी असं." आपांनी वाद घातला नाही. "मग साहेब, एकदा सोबत येऊन बघा," एवढंच म्हणाल्या. भाड्याची काळी-पिवळी जीप ठरवली, साहेबांना कडूबाईंशेजारी बसवलं आणि सविताला नेलं होतं त्याच रस्त्यानं निघालो. प्रत्येक दवाखान्याच्या फाटकाशी जीप थांबायची. कडूबाई सांगायच्या, "हितं पाणी मागत व्हती." "हितं माजा हात लई घट धरला." शहरात आल्यावर क्रांती चौकात गर्दीत जीप अडकली. "हितं हात सुटला," त्या म्हणाल्या. मागून हॉर्न वाजत होते. साहेब खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहिले.

थोड्याच दिवसांत आदेश निघाला : तपासल्याशिवाय कुणाही बाईला फाटकावरून परत पाठवायचं नाही, पुढं पाठवायचंच तर दवाखान्याच्या गाडीतून, सोबत नर्स देऊन. त्यानंतर किती मायलेकरं सुखरूप घरी आली असतील! मी एवढी शिकले, पण एका जीपच्या फेरीत एवढं बळ असतं, हे मला कधीच सुचलं नसतं.

परवा आपांच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत, रिकाम्या पलंगाशी कडूबाई बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाकी समद्यांनी सून मेली कशी, तेवढंच इचारलं. ह्या बाईनं इचारलं, सून व्हती कशी."

मग त्या सविताबद्दल सांगू लागल्या. मी खाली बसले आणि ऐकत राहिले.