शोमरोनी पोचायच्या आत

परदेशी मिशन ट्रिपवर गेलेल्या आमच्या कुटुंबात मेल्यासारखं पडून राहण्याची जबाबदारी माझ्यावर होती.

त्याचं असं झालं. आमच्या भायखळ्याच्या चर्चची टीम केनियातल्या एका खेड्यात वैद्यकीय शिबिराला निघाली. आई निवृत्त नर्स, तिला मान होता. पप्पांना औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नाताळच्या नाटकात वर्षानुवर्षं हेरोद राजा केलेला! (तलवार सापडली नाही तर लाटणं घेऊनही गरजायचे.) त्यांनी जाहीर केलं, "तिथं आपण दयाळू शोमरोन्याची गोष्ट करून दाखवायची!"

ही येशूनं सांगितलेली गोष्ट: लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेला माणूस, त्याला पाहून पुढे सटकणारे याजक आणि लेवी (दोघंही मंदिरातले धर्मसेवक), आणि शेवटी त्याला उचलून नेणारा परका शोमरोनी. शोमरोनी अर्थात पप्पा. मार खाल्लेला मी. याजक आणि लेवी दोन्ही शेजारचा विल्सन, कारण बाकीच्यांना कामं होती. महिनाभर चाळीच्या गॅलरीत तालीम चालली. पप्पा मला खांद्यावर टाकायला लागले की खालचा भाजीवाला ओरडायचा, "काका, टॅक्सी बोलवू का?"

नाटकाच्या दिवशी दुभाषा जोसेफ आईच्या तपासणीच्या तंबूत अडकला. मी म्हटलं, "पप्पा, जरा थांबू या. लोकांना कळायला नको?"

"नाटकाला भाषा कशाला लागते रे? डोळे असले की झालं! पड तू!"

मी पडलो. रक्त हवं म्हणून आईच्या बॅगेतली कोकम आगळाची बाटली डोक्यावर ओतून घेतली होती. ते खारट आगळ थेट डोळ्यांत उतरलं. मी असा कळवळलो, की इतका अस्सल अभिनय आमच्या घराण्यात कुणी केला नसेल!

गर्दी हळहळली. याजक विल्सन आला, बघून निघून गेला. गर्दी कुजबुजली. विल्सन झाडामागं शाल बदलून लेवी म्हणून आला. लोकांना दिसलं ते एवढंच, की तोच हलकट पुन्हा आला आणि पुन्हा तसाच निघाला! मग एका आजीबाईंनी काठी उगारली आणि लेवी जिवाच्या आकांतानं शेतात पळाला.

तेवढ्यात कानाशी आवाज आला, "पोले! पोले!" (म्हणजे 'अरेरे, बिचारा!' हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, मधमाश्यांचं पोळं उठलंय. मी आणखी गच्च डोळे मिटले.) पुढच्या क्षणी मी हवेत! चौघांनी मला उचललं आणि शिबिराकडे पळवलं. पाठीमागून पप्पांची हेरोदाची गर्जना आली, "अरे थांबा! शोमरोनी मी आहे! मी येतोय!" पण शोमरोन्याच्या स्वारीसाठी गावातून उसनं आणलेलं गाढव जागचं हलत नव्हतं.

तंबूत मला आईसमोर ठेवलं. लालभडक पोरगा पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझं कपाळ पुसलं, थांबली, बोट हुंगलं, चाटलं.

"मेल्या! अख्खी बाटली?"

तिनं पाठीत एक रट्टा घातला. शिबिरात मला मिळालेला उपचार तेवढाच. मग मात्र तिनं मला गच्च धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

धापा टाकत पप्पा पोचले. जोसेफनं लोकांना सगळी गोष्ट समजावली. सगळे पोट धरून हसले. त्या आजीबाईंनी मात्र पप्पांकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" पप्पा म्हणाले.

जोसेफ संकोचला. "त्या विचारतात, या गृहस्थांनी इतका उशीर का केला?"

 आता पप्पा थकलेत, नाटकंही सुटली, पण नाताळच्या करंज्या भरताना हा विषय निघाला की अजून म्हणतात, "गाढव धड असतं तर!" आणि आई हसून हसून सारण सांडते.

चर्चमध्ये मला अजूनही कुणी कुणी कौतुकानं विचारतं, "तू तिकडे काय सेवा केलीस रे?"

मी सांगतो, "रस्त्यात पडून राहिलो. आणि लोकांनी तेवढंही धड करू दिलं नाही!"