द्राक्षबागेचं लोखंड आणि तुमच्या बाबाची डिग्री

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, की बाबाला ऑटोमोबाइलच्या डिग्रीचा खरंच उपयोग झाला का, की डिप्लोमावरच भागलं असतं. थोरल्याला कॉलेज निवडायचंय, म्हणून हा प्रश्न, हे मला कळलं. मी नुसतं "झाला की" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही नारायणगावजवळ मळ्यात राहत होतो. मी एसटीने जुन्नरला जाऊन शाळेत इंग्रजी शिकवत असे, तुमचे आजोबा शेती बघत. तुमच्या बाबाचा डिप्लोमा संपला त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात लोखंडी अँगल आणि तारेची बंडलं येऊन पडली होती. द्राक्षाचा वेल मांडवावर चढवतात, आणि त्या मांडवालाच बागेचा मोठा खर्च येतो. नवी बाग ही आजोबांची फार दिवसांची इच्छा. नेमकं तेव्हाच बाबाने सांगितलं, की त्याला पुण्याला जाऊन डिग्री करायची आहे, आणखी तीन वर्षं. दोन्ही जमणार नव्हतं. लोखंड जमिनीत गेलं की फी भरता येणार नव्हती.

आजोबांचे धाकटे भाऊ नारायणगाव-जुन्नर रस्त्यावर जीप चालवायचे. ते येऊन त्या अँगलच्या ढिगावरच बसले.

"वहिनी, तुमी शिकलेल्या, म्हनून इचारतो. डिप्लोमावाला पाना धरतो, डिग्रीवाला बी पानाच धरनार. मंग तीन वर्सं जास्तीची कशापायी?"

"डिग्रीवाला गाडी कशी बनवायची ते ठरवतो, भावोजी."

"आन् माजी जीप रस्त्यात बंद पडली तर?"

"तर डिप्लोमावाल्याला बोलवा."

ते खूप हसले, पण त्यांचं मत काही हललं नाही.

आजोबा या वादात पडले नाहीत. आमच्याकडे द्राक्षाची नवी जात लावायची तर आधी दुसऱ्याची बाग बघून येतात. वेल बघतात, माती हातात घेतात, मगच ठरवतात. आजोबांनी कॉलेजही तसंच बघायचं ठरवलं. आम्ही तिघं पुण्याला गेलो. फाटकापाशी ते वॉचमनशी बराच वेळ बोलत उभे राहिले. मी म्हटलं, "प्राचार्यांना भेटायचं ना?" तर म्हणाले, "मालक आपल्याच बागेचं कौतुक सांगनार. राखनदाराला इचारावं."

वर्कशॉपच्या दारात मात्र ते थबकले. स्टँडवर एक इंजिन होतं, मधोमध कापलेलं, कापलेल्या कडांना लाल रंग दिलेला.

"ह्ये कुनी कापलं?"

"शिकवायला कापलंय, आण्णा," बाबा म्हणाला.

"चांगलं इंजिन कापून रंगवून ठिवलंय? जे कापत्यात ते चालवायला काय शिकवनार, राव?"

ते परत फिरले. मला वाटलं, संपलं. बाबाने इंजिनाचं हँडल धरून सावकाश फिरवलं. आतला दट्ट्या वर गेला, खाली आला, वरची झडप उघडली आणि मिटली. आजोबा वळले. विहिरीवरचं डिझेल इंजिन ते वर्षानुवर्षं हँडल मारून चालू करत आले होते, आवाजावरून त्याचं दुखणं ओळखत होते, पण चालताना आत काय होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"दे हिकडं," म्हणत त्यांनी हँडल स्वतः घेतलं. "आरं, ह्ये हितं उघडतं व्हय!"

मग प्रश्न सुरू झाले. थंडीत आपलं इंजिन पांढरा धूर का टाकतं? बाबाने सांगितलं. नवीन रिंगा टाकूनही तेल का खातं? तेही सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला तो अडला. "हे मला येत नाही, आण्णा. ते डिग्रीला असतं."

मी मनात कपाळावर हात मारला. परतीच्या एसटीत राजगुरुनगर मागे पडल्यावर आजोबा म्हणाले, "न्हाई येत म्हनाला. म्हंजी शिकायचं ऱ्हायलंय आजून." त्याच आठवड्यात अँगल शेजाऱ्याला विकले.

आता हिशेबाची दुसरी बाजू. त्या लोखंडावर शेजाऱ्याची बाग छान आली आणि काही वर्षांत त्याचा बंगला उभा राहिला. आमच्याकडे फी, मेस, पुस्तकं. शिवाय डिग्री हातात आली तेव्हा नोकऱ्याच नव्हत्या. नुसत्या रुपयांत मोजलं, तर बरीच वर्षं शेजारी पुढे होता. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून थोरल्याला एवढंच सांगते: आपल्याला काय येत नाही ते आधी शोध, आणि ते तिथे खरंच शिकवतात का, ते स्वतः जाऊन बघ.

नोकरी नव्हती त्या महिन्यांत बाबा उजाडायच्या आत उठून बाहेर पडायचा, कुणी काही विचारायला नको म्हणून. मग चाकणच्या बाजूला एका कारखान्यात त्याला डिग्रीच्या जोरावर गाड्यांच्या चाचणीचं काम मिळालं. पहिल्या सुट्टीला घरी आला तो ओसरीवर आडवा झाला, ऊन पायाशी आलं तरी उठला नाही. धाकटे भावोजी आले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काय सायेब, उठायचं न्हाई का?"

आजोबांनी त्यांना हातानेच थांबवलं. "हळू बोल. झोपू दे त्याला." आणि दोघे भाऊ चहा घ्यायला मागच्या दाराने आत आले.